कृपया बटणाला हात लावू नये

चूक माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला दुसऱ्या कुणावर संशय घेत बसायला नको. संशय घ्यायचं काम मी एकट्याने पुरेसं करून ठेवलं आहे.

आमच्या हॉलमधला एक मोठा स्पीकर जळाला आणि त्याचा आळ मी माझ्या सासऱ्यांवर घेतला. तोंडाने नाही. जावयाने सासऱ्यांना तोंडावर टाकून बोलायची आमच्याकडे पद्धत नाही, आणि माझ्यात तेवढं धाडसही नाही. मी तो आळ कागदावर लिहिला, दोन इंची अक्षरांत, वर 'कृपया' घालून, आणि भिंतीला चिकटवला. सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. त्यांना लांबूनही वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी काढली होती. हे वाक्य लिहितानाही मला घाम फुटतो आहे.

मी भोरमध्ये राहतो आणि वरव्याजवळच्या एका लहानशा कारखान्यात तयार माल तपासायचं काम करतो. माल खराब निघाला की चूक नेमकी कुठे झाली हे शोधायचं, ही माझी नोकरी. आमच्याकडे नियम आहे की दोष सापडला की लगेच माणसाकडे बोट दाखवायचं नाही, आधी पाच वेळा 'का' विचारायचं. हा नियम नव्या मुलांना मीच शिकवतो. घरी मात्र मी एकदाच विचारलं, आणि तेही 'का' नव्हे, 'कोण'.

आता त्या स्पीकरबद्दल. आमच्या हॉलमध्ये एक दिवाण, एक शोकेस आणि उरलेल्या जागेत माझं होम थिएटर आहे. कारभारी म्हणजे रिसीव्हर. टीव्हीचा, मोबाईलचा, रेडिओचा सगळा आवाज त्याच्याकडे येतो आणि तो स्पीकरांना वाटून देतो. पुढचे दोन स्पीकर कमरेइतके उंच आहेत. त्यांना स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर आहे, स्वतःचा विजेचा प्लग आहे, आणि चालू-बंद करायचं बटण मागच्या बाजूला, भिंतीकडे. म्हणजे रोज संध्याकाळी माझ्यासारख्या कंबरदुखीच्या माणसाने दोनदा वाकायचं आणि झोपताना पुन्हा दोनदा. बायको म्हणायची, "देवापुढं इतकं वाकला असतात तर एव्हाना प्रसन्न झाला असता."

मग मला रिसीव्हरच्या पाठीमागचं एक बारीक भोक सापडलं. त्याखाली लिहिलं होतं 'ट्रिगर'. तिथून एक पातळ वायर स्पीकरांपर्यंत ओढली की झालं. रिसीव्हर जागा झाला की त्या वायरीवर बारा व्होल्ट जातात. त्याने काही वाजत नाही, फक्त निरोप पोहोचतो, की मी उठलोय, तुम्हीही उठा. मग दोन्ही स्पीकर 'टिक्' करतात आणि त्यांच्या पायाशी असलेला लाल दिवा हिरवा होतो. रिसीव्हर झोपला की निरोप थांबतो, पुन्हा 'टिक्', पुन्हा लाल. एका रविवारी मी शोकेसमागे आडवा पडून हे सगळं जोडलं. जमलं तेव्हा इतका आनंद झाला की मी तिथूनच ओरडलो, "टिक् ऐकलंस का?" स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "भाजी करपतेय, तिचा आवाज ऐकतेय."

त्यानंतर महिन्याभराने सासरे आले. त्यांचं गाव वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पायथ्याशी. घरी चार जनावरं, अंगणात धुरळा, चुलीचा धूर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. डॉक्टरांनी सांगितलं, आधी उजवा डोळा करू, दीड महिन्याने डावा. धूर-धुरळा नको, वाकायचं नाही, दिवसातून सहा वेळा थेंब घालायचे. म्हणजे भोरला लेकीकडे राहणं आलं. सासरे तयारच नव्हते.

"लेकीच्या दारात चार दिसाच्या वर ऱ्हाऊ न्हाई," ते म्हणाले.

"मग थेंब काय बैल घालणारेत?" बायको म्हणाली. ती त्यांना आप्पा म्हणते, आणि अख्ख्या घरात त्यांच्यावर आवाज चढवायची परवानगी फक्त तिलाच आहे.

मी त्यांना मामा म्हणतो, ते मला जावयबापू. हा माणूस मला मनापासून आवडतो. म्हणून ते येणार म्हटल्यावर मी त्यांच्यासाठी एक खास सोय केली. गावी ते रोज सकाळी सहाला रेडिओवर भक्तिगीतं लावतात. माझ्या रिसीव्हरला दोन घरं सांभाळता येतात, एक हॉल आणि एक दुसरं कुठलंही. दुसरं घर म्हणून मी स्वयंपाकघरात फ्रिजवर एक छोटा स्पीकर ठेवला, आवाज कमीजास्त करायला ओट्याजवळ एक गोल बटण बसवलं आणि मोबाईलवरून असा गजर लावला की रोज सहाला तिथे आपोआप भक्तिगीतं सुरू व्हावीत. हॉलमध्ये दिवाणावर पडलेल्या मामांना ती लांबून, मंद ऐकू यावीत. हे करताना रिसीव्हरने टीव्हीच्या पडद्यावर मला एक प्रश्न विचारला होता. ट्रिगरचा निरोप कधी पाठवू? हॉल चालू झाल्यावर, दुसरं घर चालू झाल्यावर, की सर्व? मी 'सर्व' निवडलं. खानावळीत "सगळं वाढा" म्हणणारा माणूस मी. मिळतंय ना, मग सर्व. त्यानंतर तो प्रश्न मी विसरून गेलो.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करून मामा आमच्याकडे आले आणि पहिले दोन-तीन दिवस फार मजेत गेले. मामांच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती आणि डाव्यात मोतीबिंदू. त्यांना पडदा म्हणजे नुसता हलणारा उजेड दिसायचा. पण होम थिएटरला असा प्रेक्षक मिळायला भाग्य लागतं. आम्ही सगळे चित्र बघतो, ते फक्त ऐकत होते. मी एक मारधाडीचा सिनेमा लावला. हेलिकॉप्टर मागून आलं तसे मामा दिवाणावर दचकून बसले.

"कुठं गेलं?"

"पुढं गेलं मामा."

"पानशेतकडं गेलं म्हना. धरनावर उतारतंय आता." आणि स्वतःच हसले.

पुढे एक घोडा धावत आला. मामांनी हात वर केला. "जावयबापू, ह्यो घोडा माज्या डाव्या हाताला फुरफुरला, आन् टापा उजवीकडं वाजल्या. असा कसा घोडा?"

मी तपासलं. मागच्या दोन स्पीकरांच्या वायरी मी उलट्या जोडल्या होत्या. वर्षभर मी तसाच ऐकत होतो आणि पाहुण्यांना ऐकवत होतो. मामांनी एका घोड्यात पकडलं. मी कारखान्यात जाऊनसुद्धा ही गोष्ट सांगितली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चहा पिताना ते म्हणाले, "जावयबापू, सकाळच्याला हितं टिक् वाजतंय. एक हिकडं, एक तिकडं."

"पाल असेल, मामा."

"दोन पाली? एकाच टायमाला?"

"जोडी असेल."

बायको हसली, मामाही हसले, मीही हसलो. ज्या कानांनी माझ्या उलट्या वायरी पकडल्या त्या कानांनी माझी दुसरी चूकही पकडून माझ्यासमोर ठेवली होती, आणि मी तिला पाल म्हणालो.

मी स्वतः ते टिक् ऐकलं नाही, कारण पहाटे साडेपाच ते साडेसहा मी नीरा नदीच्या कडेने फिरायला जातो. आलो की आंघोळ, डबा आणि सातची कंपनीची बस. त्या घाईत मी स्वतःच्या चपलाही नीट बघत नाही, तर पायाशी असलेले दिवे कुठून बघणार? ते मला दिसायचे संध्याकाळी. रिसीव्हर आपला शांत, हॉलमध्ये काही वाजत नाही, आणि दोन्ही स्पीकरांचे दिवे मात्र हिरवे. हात लावला तर पाठ गरम. म्हणजे दिवसभर चालू.

हे आधी कधीच होत नव्हतं. मामा आल्यापासूनच होत होतं. शिवाय मामांची एक सवय मी पाहिली होती. येता-जाता ते स्पीकरच्या लाकडावरून हात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. मी माझं अनुमान काढून मोकळा झालो.

"मामा, दुपारी काही लावलं होतं का?" मी अगदी गोड आवाजात विचारलं.

"न्हाई वो. मला ते कुठं येतंय."

मला वाटलं, लाजताहेत. असं दोन-तीनदा झालं. मी रोज रात्री मनात म्हणायचो, जाऊ दे, वडीलधारे आहेत. मोठ्या मनाचा माणूस असल्याचं समाधानही मिळत होतं. ते फार दिवस टिकलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी वळवाचा पाऊस आला. भोरला वळीव येतो तो आधी वीज घालवतो, मग आणतो, मग पुन्हा घालवतो. संध्याकाळी मी घरी पोहोचलो तर हॉलमध्ये जळका वास. डावा स्पीकर गेला होता. वीज चमकली, दिवे एकदम भगभगले, स्पीकरमधून 'फट्' झालं आणि धूर निघाला, असं बायकोने सांगितलं. मामांना आधी वास आला, त्यांनी हाक मारली, तिने धावत येऊन मेन स्विच पाडला. मामा दिवाणाच्या टोकाला काळा चष्मा लावून बसले होते. दिवाणाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

मी सरळ स्पीकरकडे गेलो. वाकलो, मागे हात लावला, हुंगलं. "बंद असता तर वाचला असता," मी म्हणालो. हे वाक्य मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो होतो, पण हॉल केवढासा आहे! मामांना काही लागलं-बिगलं का, हे मी जेवायच्या वेळी विचारलं.

दुसऱ्या दिवशी तो कागद लावला. आमच्या कारखान्यात प्रत्येक यंत्रावर अशी पाटी असते, त्यामुळे मजकूर मला पाठच होता. 'कृपया कोणत्याही बटणाला हात लावू नये.' बायकोने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुणासाठी आहे हे?"

"सगळ्यांसाठी," मी म्हणालो.

"सगळे म्हणजे आपण तिघं. पाटी तुम्ही लिहिलीत, मी बटणाला हात लावणार नाही. राहिलं कोण?"

मी कंपनीची बस चुकेल म्हणून निघालो. बस यायला पंचवीस मिनिटं होती.

त्यानंतर दोन दिवसांनी डॉक्टरांकडे तपासणी होती. सगळं उत्तम, असं ते म्हणाले. काळा चष्मा काढला तरी चालेल. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा बायको खूश होती. तिने शिरा केला होता. मामा चष्मा काढून इकडे-तिकडे बघत होते, लहान मूल नव्या घरात बघतं तसे. पंख्याची पाती मोजली. "तुज्या केसात लई पांढरं झालं गं," असं लेकीला म्हणाले. ती म्हणाली, "ते राहू द्या. आप्पा, काहीतरी वाचून दाखवा ना. किती वर्षांत वाचलं नाहीत तुम्ही."

मला पुढचं दिसलं. मी पेपर शोधायला लागलो. पेपर सापडला नाही. कॅलेंडर स्वयंपाकघरात होतं. हॉलमध्ये वाचण्यासारखी एकच गोष्ट होती, आणि ती मी सुवाच्य अक्षरात लिहिलेली होती.

मामा त्या कागदापुढे उभे राहिले. एकेक अक्षर लावत, शाळेतल्यासारखं मोठ्याने वाचलं. "कृ-प-या... कोनत्याही... बटनाला... हात... लावू... नये."

शिऱ्याचा वास तेवढा येत होता.

"लख्ख दिसतंय की," मामा म्हणाले.

नव्या डोळ्याने त्यांनी वाचलेली ही पहिली ओळ. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते निघाले. नसरापूरला उतरून वेल्ह्याची एसटी पकडायची, एवढ्यासाठी कुणी सोबतही नको म्हणाले. डाव्या डोळ्याचं विचारलं तर म्हणाले, "एक डोळा लई झाला. नांगर धराया दोन कशाला?" लेकीला सांगितलं, आईचे हात दुखतात, धार कोण काढणार. पण जाताना त्यांनी स्पीकरच्या लाकडावरून हात फिरवला नाही. अंग चोरून त्याच्या बाजूने गेले.

बायकोने माझ्याशी भांडण केलं नाही. तिने तो कागद काढलाही नाही. झाडू मारताना, भिंत पुसताना त्याच्या कडेकडेने पुसायची. मी काढायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. दिसायला छान आहे."

आणि मग, मामा गेल्यावर चौथ्या की पाचव्या दिवशी, मी संध्याकाळी घरी आलो तर उरलेल्या उजव्या स्पीकरचा दिवा हिरवा. त्या पावसापासून काढून ठेवलेला त्याचा प्लग मी आदल्या रात्रीच परत लावला होता.

मी बायकोला विचारलं, "तू काही लावलं होतंस का?"

"आता मलाही पाटी लिहा. जरा लहान अक्षरात चालेल, मला दिसतं."

दुसऱ्या दिवशीही हिरवा. तिसऱ्या दिवशीही. मी स्पीकर बिघडलाय असं म्हणून बघितलं, वायर बदलून बघितली. मनातल्या मनात एक-दोन नातेवाइकांवरही संशय घेतला, ते भोरमध्ये नव्हते तरी. आणि मग एका रविवारी पाय मुरगळला म्हणून मी फिरायला गेलो नाही. दिवाणावर, मामा झोपायचे तिथेच, पडून होतो. सहा वाजले. स्वयंपाकघरात भक्तिगीत सुरू झालं. आणि माझ्या उशाशी आवाज आला, 'टिक्'.

लाल दिवा हिरवा झाला.

मी उठून बसलो. पाच वेळा 'का' विचारायची गरजच पडली नाही, दोन 'का' पुरले. स्वयंपाकघरातला रेडिओ मीच लावलेल्या गजराने सुरू होत होता. रिसीव्हरच्या दृष्टीने घरातलं कुणीतरी उठलेलं होतं, आणि मी त्याला सांगून ठेवलं होतं, सर्व. म्हणून तो इमानदारीत हॉलच्या स्पीकरांनाही निरोप पाठवत होता. बायको थोड्या वेळाने गोल बटण फिरवून आवाज बारीक करायची, पण रेडिओ आतून दिवसभर चालूच. स्पीकर दिवसभर जागे, वीज यायची-जायची वाट बघत. मामांनी एकाही बटणाला हात लावला नव्हता. मी त्यांच्यासाठी केलेल्या सोयीने माझा स्पीकर जाळला होता, आणि पाटी त्यांना लागली होती.

इथवरची चूक मी कुणालाही हसत सांगू शकतो. यंत्राची गंमत, माणसाचा वेंधळेपणा. जे सांगवत नाही ते यापुढचं आहे. मी मेनू उघडला, 'सर्व'च्या जागी 'हॉल' केलं, मेनू बंद केला, आणि कुणालाही काही सांगितलं नाही. तीन आठवडे.

प्रयत्न केला नाही असं नाही. मामांना फोन लावायचो. त्यांच्या घरात रिंग वाजते पण बोलणं ऐकू येत नाही, म्हणून फोन आला की ते खळ्याच्या कोपऱ्यावर जाऊन उभे राहतात. त्यांना तिथवर चालायला लावून मी म्हणायचो, "मामा, एक बोलायचं होतं."

"बोला."

"बैल कसे आहेत?"

"बरं हायेत. तुमी?"

"मीही बरा आहे."

असं चारदा झालं. चौथ्यांदा मामा म्हणाले, "बैलांस्नीच फोन देऊ का?"

डाव्या डोळ्याची तारीख जवळ येत चालली होती. बायको फोनवर आईला, भावाला, सगळ्यांना विनवून थकली. आप्पांचं एकच, एक डोळा बास. आणि त्यातच अधिक महिना आला. अधिक महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, तेहेतीस अनारसे आणि दिवा वाण म्हणून द्यायचा. सासूबाईंचा निरोप आला, रविवारी दोघं या.

आदल्या रात्री बायको म्हणाली, "येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे. उद्या त्यांना बरोबर घेऊन यायचं. ते का येत नाहीत हे त्यांनी सांगितलं नाही, मी सांगितलं नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे."

सकाळी तिने भिंतीकडे पाहिलं. चिकटपट्टीचे चार डाग राहिले होते.

"कागद?"

"बरोबर घेतलाय," मी म्हणालो. गुंडाळी करून काखेत धरला होता. पाठकोऱ्या बाजूला रात्री काहीतरी लिहिलं होतं.

नसरापूरहून सुटलेल्या एसटीत मी तिला सगळं सांगितलं. टिक्, 'सर्व', गजर, तीन आठवडे. तिने तिकिटाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. मार्गासनी गाव मागे पडल्यावर म्हणाली, "चुकलात ते समजू शकते. पण हे तीन आठवडे मलासुद्धा वाटत होतं की आप्पांनीच हात लावला असेल. मी माझ्या बापाला खोटं समजत होते, आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात."

मी खुलासा करायला लागलो.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "त्यांना सांगा."

दारात मेहुणा उभा होता. माझ्या काखेतली गुंडाळी पाहून म्हणाला, "दाजी, धोंड्याला येताना नकाशा आनला व्हय? रस्ता इसरला काय?"

सासूबाईंनी ओवाळलं. मग मामा परात घेऊन आले आणि माझ्यापुढे बसून माझे पाय धुवायला लागले. वरून मला त्यांची टोपी आणि दोन्ही खांदे दिसत होते. मी पाय मागे घेतले.

"पाय हलवू नगा, पानी सांडतंय," मामा म्हणाले. उजव्या डोळ्याने नीट बघून त्यांनी माझी बोटंसुद्धा पुसली. डावा डोळा दुधाळ झाला होता.

ताट वाढलं. पुरणाचे धोंडे, त्यावर तुपाची धार, शेजारी अनारशांचा डबा, दिवा. सगळे वाट बघत होते की मी पहिला घास घेईन. मी घास घेतला नाही. हात मांडीवर ठेवून बसलो.

सासूबाईंचा चेहरा बदलला. "काय झालं? अनारसं मोजून तेहेतीस हायेत वो. दिवा बी चांदीचाच हाय."

"आई, दाजी रुसलं," मेहुणा म्हणाला. "जावई उगा न्हाई रुसत. काय पायजे दाजी? अंगठी? का दुसरा स्पीकर?"

बायको डोळ्यांनी त्याला गप्प करत होती. मी म्हटलं, "मला काही नको. मामांनी एक वाचून दाखवावं." आणि गुंडाळी पुढे केली.

मामांनी ती उलगडली, तर आधी जुनीच बाजू वर आली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे वाचलंय म्या."

"दुसरी बाजू, मामा."

त्यांनी कागद उलटा केला, उजव्या डोळ्यापुढे धरला आणि पुन्हा तसंच, अक्षर अक्षर लावत वाचलं. "स्पीकर... माझ्या चुकीने... चालू राहत होता... मामांनी... हात... लावला नव्हता."

"म्हंजे?" सासूबाई म्हणाल्या. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. मामांनी पाटीचं घरी कुणाला सांगितलंच नव्हतं.

मी सांगितलं. स्वयंपाकघरातला रेडिओ, बारा व्होल्टचा निरोप, सर्व. सासूबाईंच्या डोक्यावरून गेलं, मेहुण्याला अर्धं कळलं. मामांना पूर्ण कळलं.

"म्हंजे चुलीपाशी कुनी उठलं की गोठ्यात बैल बी उठत हुतं."

"हो."

"आन् ते टिक् वाजायचं, ते त्येंच्या उठन्याचं."

"हो."

"पाल नव्हती."

"नव्हती, मामा."

मामांनी कागदाची नीट गुंडाळी केली आणि कोनाड्यात ठेवली. सासूबाई हळूच म्हणाल्या, "मग गुरवाराला जायाचं न्हवं डोळ्याला? कापडं भरू का पिशवीत?"

"थांब जरा," मामा म्हणाले. ते माझ्यासमोर येऊन बसले, मघाशी पाय धुवायला बसले होते तिथेच. "जावयबापू, तुमचं लिवलेलं दोन डाव वाचलं म्या. अक्षर चांगलंय. पर आता कागुद नगं. तोंडानं बोला."

ताटातलं तूप थिजायला लागलं होतं. मी पाटावरून उठलो, कारण नारायण होऊन बसून ते बोलता येण्यासारखं नव्हतं. खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"मामा, माझं चुकलं. तुम्ही खरं सांगत होतात आणि मी ऐकलं नाही. मला माफ करा."